सोळांतला एक थकलेला

नागपूरजवळच्या खापरखेड्याहून कोराडीमार्गे शहरातल्या सीताबर्डीला जाऊन परत यायचे म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात. एका चार्जमध्ये शंभराच्या आसपास किलोमीटर जाणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी नवी असताना हा पल्ला सहज मारते. सात-आठ वर्षांनी तीच गाडी परतीच्या वाटेवर दगा देऊ लागते. काट्यावर तीस टक्के चार्ज दिसतो आणि पुलाचा चढ लागला की तो बघता बघता शून्यावर येतो. मोटर ठीक असते, चाके ठीक असतात, ब्रेकही लागतात. मालक चौकशी करतो, नव्या बॅटरीची किंमत ऐकतो, आणि गाडीच्या उरलेल्या किमतीपेक्षा ती जास्त आहे हे लक्षात आल्यावर गाडी अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहते.

हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक सेलांचा संच. संच सहसा एकदम मरत नाही. त्यातला एखादा सेल आधी थकतो आणि बाकीच्या धडधाकट सेलांनाही काम करू देत नाही. तो सेल नेमका ओळखता आला आणि सुरक्षितपणे बदलता आला, तर गाडीला आणखी काही वर्षे मिळू शकतात. मात्र बदलण्याच्या कामापेक्षा ओळखण्याचे काम मोठे आहे. म्हणून या प्रकरणात पान्याआधी मीटर आणि मीटरच्या जोडीला नोंदवही येते.

जुन्या गाड्या आल्या कुठून

भारतात सर्वसामान्य माणसाला विकत घेता येईल अशी पहिली गाजलेली इलेक्ट्रिक मोटार म्हणजे बंगळुरूची रेवा. ती 2001 मध्ये बाजारात आली. तिच्यात सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असत आणि एकूण दाब 48 व्होल्ट होता. 2010 मध्ये महिंद्राने रेवाची कंपनी ताब्यात घेतली आणि 2013 मध्ये लिथियम बॅटरीची ई-टू-ओ आणली. पुढे 2016 मध्ये चार दारांची ई-टू-ओ प्लस आली. तिच्या बहुतेक प्रकारांत 48 व्होल्टचा संच होता, तर पी-8 या वरच्या प्रकारात 72 व्होल्टचा.

या गाड्यांचे नागपूरशी खास नाते आहे. 26 मे 2017 रोजी ओला आणि महिंद्रा यांनी इलेक्ट्रिक टॅक्सी, रिक्षा आणि बस एकत्र चालवण्याचा देशातला पहिला मोठा प्रकल्प नागपुरात सुरू केला. सुमारे दोनशे वाहनांनी सुरुवात झाली आणि त्यांतल्या शंभर ई-टू-ओ प्लस होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने ओलाच्या साथीने इथल्या एका पेट्रोल पंपावर चार्जिंग केंद्र उघडले. पेट्रोल पंपावरचे असे ते देशातले पहिलेच. पुढच्या वर्षी चालकांच्या तक्रारी वाढल्या. चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत थांबावे लागे आणि दिवसाची कमाई त्यातच जाई. प्रकल्प अपेक्षेइतका वाढला नाही. तरी त्याने एक गोष्ट शिकवली. विदर्भाच्या उन्हात दिवसभर टॅक्सी म्हणून पळणे आणि घरच्या कामासाठी अधूनमधून निघणे, ही बॅटरीसाठी दोन वेगळी आयुष्ये आहेत. जुनी गाडी घेताना किंवा दुरुस्त करताना ती कोणते आयुष्य जगून आली आहे, हे किलोमीटरच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

ओळीतल्या सर्वांत दुबळ्याची सत्ता

लिथियम लोह फॉस्फेट या प्रकारच्या एका सेलचा सरासरी दाब 3.2 व्होल्ट असतो. 48 व्होल्टच्या संचासाठी असे पंधरा किंवा सोळा सेल एकापुढे एक जोडतात. सोळा धरले तर 51.2 व्होल्ट होतात. ओळीने जोडलेल्या सेलांमधून वाहणारा प्रवाह सगळ्यांमधून तेवढाच जातो. विहिरीपासून पेटलेल्या गोठ्यापर्यंत माणसांनी रांग लावून बादल्या पुढे द्याव्यात, तसे हे आहे. रांगेतला एक जण दमून बसला की बाकीच्यांच्या दंडात कितीही बळ असले तरी पाणी पुढे जात नाही.

आकड्यांत पाहू. नव्या संचातला प्रत्येक सेल 210 ॲम्पिअर-तासांचा होता असे धरा. काही वर्षांनी पंधरा सेल 180 वर आले आणि एक 110 वर. 110 ॲम्पिअर-तास वापरून झाल्यावर तो एक सेल रिकामा होतो. बाकीच्या पंधरांमध्ये प्रत्येकी 70 शिल्लक असतात, पण ते काढता येत नाहीत. संचाची क्षमता 110 एवढीच राहते. तो एक सेल बदलला की तीच क्षमता 180 होते. सोळांतला एक बदलून साठ टक्क्यांहून अधिक वाढ मिळते ती अशी.

रिकाम्या सेलमधून बाकीच्यांनी जबरदस्तीने प्रवाह ढकलला तर त्याची ध्रुवता उलटते. त्यात आतल्या तांब्याच्या पत्र्याचे तांबे विरघळते आणि नंतर चार्ज करताना नको तिथे जमून सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. हे टाळण्यासाठी गाडीत बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा असते. तिला कारागीर बीएमएस म्हणतात. ती प्रत्येक सेलचा दाब पाहत राहते आणि एकाही सेलचा दाब मर्यादेखाली गेला की प्रवाह कमी करते किंवा तोडते. चढावर काटा अचानक शून्यावर येतो, तेव्हा बहुधा बीएमएसने अशाच एका सेलला वाचवलेले असते.

सेल थकतो म्हणजे काय

लोह फॉस्फेटचा सेल हे भारतीय नावांशी जोडलेले संशोधन आहे. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी 1997 मध्ये या पदार्थाची ओळख जगाला करून दिली. लिथियम-आयन बॅटरीच्या पायाभूत कामासाठी गुडइनफ यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

सेलमध्ये लिथियमचे आयन एका बाजूच्या थरातून दुसऱ्या बाजूच्या थरात ये-जा करतात. ग्राफाइटच्या बाजूवर पहिल्याच चार्जमध्ये एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो हवाच असतो, कारण तो आतल्या द्रावणाचे रक्षण करतो. पण तो वर्षानुवर्षे जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. त्यामुळे दोन गोष्टी घडतात. सेलमध्ये मावणारा चार्ज कमी होतो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो.

रोध वाढण्याचा परिणाम रस्त्यावर लगेच जाणवतो. अर्धा मिलिओहम रोध असलेल्या सेलमधून 150 ॲम्पिअर प्रवाह घेतला तर सुमारे 11 वॅट उष्णता निर्माण होते. रोध दोन मिलिओहमवर गेला की तोच प्रवाह 45 वॅट उष्णता निर्माण करतो आणि सेलचा दाब 0.3 व्होल्टने खाली बसतो. गरम झालेला सेल आणखी लवकर थकतो आणि थकलेला आणखी गरम होतो. एकदा मागे पडलेला सेल शेजाऱ्यांपासून अधिकाधिक दूर जातो तो या फेऱ्यामुळे.

उष्णता ही बॅटरीची मोठी वैरी आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक स्थूल नियम आहे. नागपुरात मे 2013 मध्ये 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. नवतपाच्या दिवसांत पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीच्या पोटात काय होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल. निसान लीफ या गाडीत बॅटरी थंड करण्याची स्वतंत्र यंत्रणा नव्हती. 2012 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या वाळवंटी उन्हात, तिच्या मालकांनी क्षमता फार लवकर घटल्याच्या तक्रारी केल्या. पुढे कंपनीला क्षमतेचीही हमी द्यावी लागली. आपल्याकडचे ऊन त्याच जातीचे आहे. म्हणून उन्हाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर ती पूर्ण भरून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून सावलीत उभी करावी. पूर्ण भरलेला आणि तापलेला सेल सर्वांत लवकर झिजतो.

वीजकेंद्राची शिस्त

खापरखेड्याला हे सगळे परके नाही. इथल्या महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रात 210 मेगावॅटचे चार आणि 500 मेगावॅटचा एक संच आहे, एकूण 1340 मेगावॅट. एवढी वीज तयार करणाऱ्या ठिकाणीही बॅटरी खोली असतेच. मोठ्या औष्णिक केंद्रांत दोन व्होल्टचे शंभरावर शिसे-आम्ल सेल ओळीने जोडून 220 व्होल्टची बॅटरी उभी केलेली असते. बाहेरची आणि आतली सगळी वीज गेली, तरी मिनिटाला तीन हजार फेरे घेणारा टर्बाइन थांबेपर्यंत त्याच्या बेअरिंगना तेल मिळालेच पाहिजे. ते तेल ढकलणारा आपत्कालीन पंप या बॅटरीवर चालतो. ब्रेकर पाडणारी संरक्षण यंत्रणाही तिच्यावरच चालते.

या बॅटरीची निगा सेलागणिक ठेवतात. प्रत्येक सेलला क्रमांक असतो. काही नमुन्याचे सेल निवडून त्यांचा दाब, आम्लाची घनता आणि तापमान ठरावीक दिवशी लिहितात. ठरलेल्या मुदतीने सगळ्या सेलांची नोंद होते. एखादा सेल शेजाऱ्यांपेक्षा मागे पडत असेल तर तो अनेक महिन्यांच्या नोंदींतून दिसतो. मग त्याला वेगळा चार्ज देतात, आणि तरी तो सावरला नाही तर तेवढाच बदलतात. शंभर सेलांपैकी एक गेला म्हणून कोणी शंभरही टाकून देत नाही.

जुन्या इलेक्ट्रिक गाडीची दुरुस्ती म्हणजे हीच शिस्त लहान प्रमाणात पाळणे होय. वीजकेंद्रात, खाणीत किंवा वायरमनच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला ही पद्धत हाडीमाशी ठाऊक असते. फरक रसायनाचा आहे. शिसे-आम्लाची सवय असलेल्या हाताने लिथियमच्या सवयी नव्याने शिकाव्या लागतात.

हात कुठे घालायचा आणि कुठे नाही

पहिला प्रश्न दाबाचा. वाहनांच्या सुरक्षा नियमांत डीसी 60 व्होल्टपर्यंतचा दाब खालच्या वर्गात धरतात. त्यावरच्या दाबाला धक्क्यापासून खास संरक्षण लागते. 48 व्होल्टची ई-टू-ओ पूर्ण भरल्यावर 58 व्होल्टच्या आसपास जाते, म्हणजे सीमेच्या आत राहते. 72 व्होल्टचा प्रकार सीमेपलीकडे आहे. आजच्या बहुतेक नव्या इलेक्ट्रिक मोटारींचा दाब तीनशे व्होल्टच्या पुढे असतो. त्या संचाचे झाकण घरी उघडू नये. ते काम उच्च दाबाचे प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाचे आहे. तिथे एक चूक जिवावर बेतते. या प्रकरणातली पुढची कृती फक्त 60 व्होल्टच्या आतल्या संचांसाठी आहे. तीही विजेच्या कामाची सवय असणाऱ्यानेच करावी, आणि जवळ दुसरे माणूस हवेच.

कमी दाब म्हणजे कमी धोका, असेही समजू नये. पूर्ण संचाचा अंतर्गत रोध दहा मिलिओहम धरला तर दोन टोकांवर पाना पडताच पाच हजार ॲम्पिअर प्रवाह वाहू शकतो. पाना वितळतो, ठिणग्या डोळ्यांत उडतात. हातातली अंगठी, कडे, बांगडी, घड्याळ आणि गळ्यातली साखळी आधी काढून ठेवावी. पान्याच्या आणि सॉकेटच्या दांड्याला टोकापर्यंत इन्सुलेशन हवे. चष्मा, रबरी हातमोजे आणि कोरडी जमीन हवी. ज्या सेलवर काम चालू नाही त्यांची टोके प्लास्टिकच्या पट्टीने झाकून ठेवावीत. खापरखेडा परिसरात बारीक राखेची धूळ कमी नाही. धूळ आणि ओल मिळून दोन टोकांमध्ये गळतीची वाट तयार होते, म्हणून काम धूळ न येणाऱ्या आडोशाला, कोरड्या दिवसांत करावे.

गाडीची किल्ली काढावी, चार्जर काढावा, संचाचा मुख्य फ्यूज किंवा तोडकडी वेगळी करावी. तरीही कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. काही मिनिटे थांबून मीटरने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करावी. त्यानंतरच पाना हातात घ्यावा.

सेल फुगलेला असेल, त्याला गोडसर रसायनाचा वास येत असेल, तो कुठे ओलसर किंवा काळवंडलेला दिसत असेल, तर चाचणी करत बसू नये. असा सेल पुन्हा चार्ज करायचा नसतो. लोह फॉस्फेटचा सेल निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा उष्णतेत जास्त स्थिर असतो, पण तोही पेटू शकतो आणि त्यातून निघणारा धूर विषारी असतो. काम घराच्या खोलीत न करता मोकळ्या शेडमध्ये करावे. धूर दिसला की लांब व्हावे आणि 101 किंवा 112 ला फोन करावा.

दोषी सेल सापडतो कसा

घरातला साधा मल्टीमीटर लावून प्रत्येक सेलचा दाब पाहिला की काम झाले, असे अनेकांना वाटते. शिसे-आम्लाच्या बाबतीत त्यातून थोडे तरी कळते. लोह फॉस्फेटच्या बाबतीत जवळजवळ काहीच कळत नाही. हा सेल वीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत भरताना त्याचा विश्रांतीतला दाब एक दशांश व्होल्टच्या आसपासच बदलतो. थकलेला आणि धडधाकट सेल शेजारी शेजारी उभे असतात आणि मीटर दोघांनाही 3.30 दाखवतो.

खरे चित्र तीन वेळा दिसते: भार असताना, चार्ज संपत आल्यावर आणि चार्ज पूर्ण होत आल्यावर. त्यामुळे चाचणीही तशीच करावी. सेलांवर एक ते सोळा क्रमांक रंगाने लिहावेत. संच गाडीच्या चार्जरने पूर्ण भरावा आणि एक रात्र तसाच ठेवावा. सकाळी सगळे दाब लिहावेत. मग ठरलेल्या प्रवाहाचा डीसी भार लावावा. 210 ॲम्पिअर-तासांच्या नव्या संचाला 30 ॲम्पिअरने रिकामे व्हायला सात तास लागतात, म्हणून हे दिवसभराचे काम आहे. दर अर्ध्या तासाने आणि शेवटी दर पाच मिनिटांनी सगळ्या सेलांचे दाब नोंदवावेत. पहिला सेल 2.8 व्होल्टला आला की भार लगेच काढावा. 2.5 पर्यंत ताणू नये. तोपर्यंत वाहिलेले ॲम्पिअर-तास हीच संचाची आजची क्षमता. तो पहिला सेल मुख्य संशयित आणि त्याच्या मागोमाग घसरणारे दुसरे-तिसरे संशयित.

पण लगेच निकाल देऊ नये. सेल चांगला असूनही तो इतरांपेक्षा कमी भरलेला असू शकतो. बीएमएसचे संतुलन बिघडले की असे होते. त्या संशयित सेलला एकट्याला, 3.65 व्होल्टवर मर्यादा लावलेल्या चार्जरने पूर्ण भरावे आणि मग त्याची एकट्याची क्षमता मोजावी. तेव्हा ती शेजाऱ्यांइतकी निघाली तर सेल निर्दोष आहे. संचाला फक्त संतुलन हवे होते आणि एक रुपयाचाही सेल घ्यावा लागत नाही. क्षमता खरोखर कमी निघाली तरच तो बदलायचा.

आणखी एक आरोपी सेलच्या बाहेर असतो. दोन सेल जोडणाऱ्या पट्टीचा बोल्ट सैल झाला किंवा तिच्यावर थर चढला, की त्या सांध्याचा रोध वाढतो. शंभर ॲम्पिअर प्रवाहाला एक मिलिओहमचा सांधा दहा वॅट उष्णता निर्माण करतो आणि बीएमएसला तो सेलच दुबळा आहे असे भासवतो. म्हणून भार चालू असताना मीटरची एक पिन सेलच्या खांबावर आणि दुसरी पट्टीवर ठेवून दाब पाहावा. सांधा चांगला असेल तर तो जवळजवळ शून्य येतो. पट्टी घासून, बोल्ट नीट आवळून गाडी पूर्ववत झाली तर ती सर्वांत स्वस्त दुरुस्ती.

नवा सेल बसवताना

सेल त्याच रसायनाचा हवा. लोह फॉस्फेटच्या ओळीत निकेल-कोबाल्टचा सेल बसवणे धोक्याचे आहे, कारण दोघांच्या दाबाच्या मर्यादा वेगळ्या असतात आणि बीएमएस एकच नियम सगळ्यांना लावते. क्षमता मूळ सेलइतकी किंवा थोडी जास्त असावी, कमी नको. आकार आणि खांबांची जागा जुळली पाहिजे. बाजारात वापरलेले सेल नवीन वेष्टन चढवून विकले जातात. खांबांवर जुन्या वेल्डिंगच्या खुणा आहेत का, सेलवरचा कोड खरवडलेला आहे का, वजन उत्पादकाने दिलेल्या वजनाशी जुळते का, हे पाहावे. उदाहरणार्थ, आज सर्रास मिळणारा 280 ॲम्पिअर-तासांचा चौकोनी सेल सव्वापाच ते साडेपाच किलोच्या दरम्यान भरतो. सेल आणल्यावर तो बसवण्याआधी त्याचीही क्षमता मोजावी.

बदली करताना सगळे सेल एकाच पातळीला आणणे हा कामाचा गाभा आहे. सोपी पद्धत अशी. गाडीचा संच पूर्ण भरावा. नवा सेल वेगळा, 3.65 व्होल्टपर्यंत, प्रवाह अगदी कमी होईपर्यंत भरावा. दोन्ही पूर्ण भरलेल्या अवस्थेत अदलाबदल करावी, म्हणजे सगळे सेल वरच्या टोकाला जुळतात. नवा सेल अर्धा भरलेला येतो. तो तसाच बसवला तर चार्जिंगमध्ये बाकीचे आधी भरतात, चार्जर थांबतो आणि नवा सेल कायम अर्धाच राहतो. अनेक दुरुस्त्या फसतात त्या याच ठिकाणी.

जुन्या रचनेचा फोटो आधीच काढावा. बीएमएसच्या बारीक तारा ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने परत लावाव्यात. एक तार चुकली तर बीएमएसच्या पाटीला एका सेलऐवजी दोन सेलांचा दाब बसतो आणि ती जळते. तारांचा कनेक्टर लावण्याआधी त्याच्या प्रत्येक पिनवरचा दाब मोजावा. तो 3.3, 6.6, 9.9 असा चढत गेला पाहिजे. पट्ट्यांचे पृष्ठ बारीक सॅंडपेपरने चमकवून पुसून घ्यावे. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या बळाइतकेच टॉर्क रेंचने आवळावेत. अॅल्युमिनियमच्या खांबाचे आटे जास्त जोराने निघून जातात. चौकोनी सेल मुळात पट्ट्यांमध्ये दाबून बसवलेले असतात, तो दाब परतही तसाच यायला हवा. शेवटी मुख्य जोडणी करताना आधी एका रोधातून कपॅसिटर भरू द्यावा, मग कडी लावावी. त्यामुळे मोठी ठिणगी उडत नाही.

गाडी लगेच लांब नेऊ नये. पहिले काही फेरे गावातच मारावेत. प्रत्येक फेऱ्यानंतर सांधे गरम होतात का पाहावे आणि सेलांचे दाब त्याच नोंदवहीत लिहावेत.

एक बदलावा की सगळे

टोयोटा प्रियस या हायब्रिड गाडीच्या मालकांचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिच्या दुसऱ्या पिढीच्या निकेल-धातू-हायड्राइड बॅटरीत 28 मॉड्यूल, म्हणजे सेलांचे छोटे गट, ओळीने असतात. अमेरिकेत हजारो जुन्या प्रियसमध्ये एखादे मॉड्यूल गेले की तेवढेच बदलून गाडी चालू केली गेली. काही गाड्या पुढे वर्षे चालल्या. काहींत थोड्याच दिवसांत दुसरे मॉड्यूल गेले, मग तिसरे. सगळीच एकसारखी म्हातारी झालेली होती, पहिले फक्त थोडे आधी पडले होते.

म्हणून निर्णय नोंदवहीवरून घ्यावा. सोळांपैकी चौदा-पंधरा सेल एकमेकांच्या जवळ आणि मूळ क्षमतेच्या पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवर असतील, आणि एक-दोनच खूप मागे असतील, तर तेवढेच बदलणे शहाणपणाचे. पाच-सहा सेल घसरलेले असतील, किंवा सगळेच साठ टक्क्यांवर आले असतील, तर एकेक बदलण्यात पैसा आणि कष्ट वाया जातील. तिथे पूर्ण संच बदलावा. समांतर जोडलेल्या सेलांच्या बाबतीत आणखी जपावे लागते. जुन्या आणि नव्या सेलची समांतर जोडी केली तर कमी रोधाचा नवा सेल जास्त प्रवाह ओढून घेतो. तिथे संपूर्ण जोडी एकाच वेळी बदलावी.

रेवा आणि ई-रिक्षा यांच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांत एकच सेल बदलता येत नाही, कारण तीन किंवा सहा सेल एकाच बंद खोक्यात असतात. पूर्वी कडक रबराच्या खोक्याचे वरचे डांबर फोडून आतल्या प्लेटा बदलणारे बॅटरीवाले असत. आजच्या सीलबंद प्लास्टिकच्या खोक्याने तो मार्ग बंद केला. तिथे दुबळे खोके शोधून तेवढे बदलणे एवढेच शक्य आहे, आणि तेही बाकीची खोकी साधारण त्याच वयाची आणि दमाची असतील तरच.

कायदा आणि माहितीचा हक्क

काढलेला सेल भंगारवाल्याकडे किंवा कचऱ्यात जाऊ नये. 2001 चे जुने नियम फक्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियमसह सगळ्या बॅटऱ्या कक्षेत घेतल्या आणि त्या परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ग्राहकाचे काम सेल वेगळा ठेवून नोंदणीकृत संकलन केंद्राकडे देणे एवढेच. गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मनाई आहे. त्यामुळे त्याच रसायनाचा, त्याच दाबाचा सेल बसवणे वेगळे आणि जास्त दाबाचा संच बसवून गाडी पळवणे वेगळे. हमीची मुदत बाकी असेल तर संच उघडण्याआधी कागद वाचावेत, कारण झाकण उघडले की हमी जाते.

गाडीच्या पोटातली बीएमएस प्रत्येक सेलचा दाब सतत पाहत असते, पण मालकाला ती फक्त टक्केवारीचा एक आकडा दाखवते. हीच माहिती पडद्यावर मिळाली असती तर वर सांगितलेली अर्धी चाचणी करावीच लागली नसती, आणि दुबळा सेल गाडी बंद पडण्याच्या कितीतरी आधी कळला असता. युरोपीय संघाने 2023 च्या बॅटरी कायद्यात इलेक्ट्रिक वाहनाच्या प्रत्येक बॅटरीला फेब्रुवारी 2027 पासून तिची माहिती देणारा डिजिटल पासपोर्ट सक्तीचा केला आहे. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचा समावेश आहे. सेलागणिक दाब, रोध आणि क्षमता पाहण्याची सोय मालकाला आणि गावातल्या कारागिराला मिळणे हा त्या हक्काचा पहिला भाग असायला हवा.

येत्या काही वर्षांत हजारो इलेक्ट्रिक गाड्या आणि लाखो ई-रिक्षा जुन्या होतील. त्या सगळ्यांना शहरातल्या मोठ्या सेवा केंद्रात जाता येणार नाही, आणि प्रत्येकीला पूर्ण नवा संच परवडणारही नाही. वीजकेंद्राच्या गावात मीटर वाचणारी, सांधा ओळखणारी, नोंद ठेवणारी माणसे आधीपासून आहेत. त्यांना लिथियमची सुरक्षितता शिकवणारा छोटा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये मिळाला, तर एका सेलसाठी संपूर्ण गाडी टाकून देण्याची पाळी येणार नाही. तोपर्यंत ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने एवढे तरी आजच सुरू करावे: संच आणि बीएमएस चांगल्या अवस्थेत असतानाच जाणकाराकडून सेलागणिक दाब एकदा मोजून घ्यावेत आणि तारीख घालून लिहून ठेवावेत. पुढे कोणता सेल मागे पडला हे ठरवायला तीच पहिली नोंद लागते.